फुलांचीं शेतें : तेथलीं आणि येथलीं

हॉलंड देशांत वसंतऋतूमध्यें ट्यूलिप फुलांचीं शेतें पाहावयास जगांतील सर्व देशांतून लोक जातात, ही गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. ज्यांनीं तीं शेतें प्रत्यक्ष पाहिलीं नाहींत, त्यांनीं निदान एखाद्या दिनदर्शिकेवर, किंवा १९८१ सालीं निघालेल्या 'सिलसिला' या हिंदी बोलपटांतील गाण्यांत तरी तीं पाहिलींच असतील. आमची पहिली ओळख त्या बोलपटानेंच करून दिली, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं, आप्तांच्या कृपेनें, एका एप्रिल महिन्यांत तिकडे जाण्याचा योग आला. त्या प्रवासाची हकीकत या अंकासाठीं लिहून द्यावी असें संपादकांनीं सुचविलें. परंतु तीं शेतें पाहत असतां आमच्या हातून एक चूक घडली, आणि तिच्यामुळें आमचें लक्ष परत आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील काळ्या रानाकडे वळलें. तेव्हां हा लेख अर्धा तिकडचा व अर्धा इकडचा झाला आहे.

लायडन या विद्यापीठाच्या शहरापासून उत्तरेस हार्लेम शहरापर्यंत समुद्रालगत जो पट्टा आहे, तो कंदफुलांचा जुना मुलूख होय. समुद्रकांठीं वाळूच्या टेकड्यांची रांग आहे, आणि तिच्या आडोशास सपाट, भुसभुशीत, वालुकामिश्रित जमीन आहे. अशा जमिनींत पाणी साठून कंद कुजत नाहीं, व काढणीच्या वेळीं तो सहज मोकळा होतो. शेताशेतांमधून चर काढलेले असून त्यांतील पाण्याची पातळी माणसांनीं ठरवून राखलेली असते. आमच्याकडील शेतकरी आकाशाकडे पाहतो, तिकडचा चराकडे पाहतो, एवढाच काय तो फरक, असें आम्हांस प्रथम वाटलें. परंतु तो फरक लहान नाहीं.

या पट्ट्याच्या मध्यावर लिसे नांवाचें गांव आहे. तेथेंच क्युकेनहॉफ ही सुप्रसिद्ध बाग आहे. नांवाचा अर्थ 'स्वयंपाकघराची बाग' असा होतो, कारण पंधराव्या शतकांत तेथील जहागिरीच्या मुदपाकखान्यास लागणारा पाला व फळें या जागेंतून जात असत. ही बाग १९५० सालच्या वसंतांत प्रथम प्रेक्षकांस खुली झाली. तिचा विस्तार सुमारें ८० एकर असून दरवर्षीं हिंवाळ्यापूर्वीं सुमारें सत्तर लाख कंद तेथें हातांनीं लावले जातात, आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे अवघे आठ आठवडे, ती उघडी असते. बाग सुंदर आहे यांत वाद नाहीं. परंतु बाग ही पाहणाऱ्यासाठींच केलेली असते, तिच्यांत आश्चर्य वाटण्यासारखें थोडेंच. आम्हांस गोडी लागली ती बागेबाहेरील शेतांची.

आरंभीं क्रोकस, मग पिवळे डॅफोडिल, मग उग्र वासाचीं हायसिंथ, आणि एप्रिलच्या मध्यास ट्यूलिप, असा तेथील फुलांचा क्रम आहे. सर्व एकाच दिवशीं फुललेलें कधींच सांपडत नाहीं. आम्ही गेलों त्या वेळीं डॅफोडिल सुकून गेले होते, आणि ट्यूलिपांचे पट्टे तांबडे, जांभळे, पांढरे, पिवळे असे रुळांसारखे सरळ क्षितिजापर्यंत गेलेले होते. चित्रांत जी गोष्ट दिसत नाहीं ती वाऱ्याची. एप्रिलांतही समुद्रावरून असा गार वारा येत होता, कीं आम्हीं कानटोपी काढली नाहीं. त्यामुळें आमच्या सर्व छायाचित्रांत आम्ही महाबळेश्वरास गेलेल्या वृद्धांसारखे दिसतों.

आतां चुकीची गोष्ट. एका रस्त्याच्या कडेस तांबड्या ट्यूलिपांचें शेत होतें. कुंपण नव्हतें, फाटक नव्हतें, मध्यें हातभर रुंदीचा चर तेवढा होता. छायाचित्र चांगलें यावें म्हणून आम्ही चर ओलांडून दोन ओळींमधून चार पावलें आंत गेलों. इतक्यांत मागून सायकलीची घंटा वाजली. एक वृद्ध शेतकरी उतरून उभा होता. तो रागावला नाहीं. त्यानें नुसतें आमच्या जोड्यांकडे बोट दाखविलें. आम्ही बाहेर आल्यावर त्यानें मोडक्यातोडक्या इंग्रजींत, म्हणजे साधारण आमच्याइतक्याच इंग्रजींत, सांगितलें कीं, जोड्याच्या तळव्यास लागलेल्या मातींतून एका शेताचा रोग दुसऱ्या शेतांत जातो. शिवाय पाऊल पडून जें पान मोडतें, त्याच पानावर मातींतला कंद पोसत असतो. "आपण फुलें पाहतां, मी पानें पाहतों," असें तो म्हणाला. मग त्यानें शेजारचें शेत दाखविलें. तेथें फुलेंच नव्हतीं. हिरवे दांडे तेवढे उभे होते, आणि सरींतून तांबड्या पाकळ्यांचा सडा पडला होता. हें शेत आदल्या दिवशीं यंत्रानें 'खुडलें' होतें. आम्ही उभे होतों त्या शेताची पाळी दोन दिवसांनीं होती.

हें ऐकून आम्हांस जो धक्का बसला, तो आमच्या वाचकांसही बसेल. ज्या फुलांसाठीं आम्ही हजारों मैल आलों, तीं फुलें शेतकरी स्वतःच्या हातानें कापून टाकतो! परंतु विचार करितां यांत विक्षिप्त असें कांहीं नाहीं. या शेतांतील पीक फूल नव्हे, कंद होय. ट्यूलिपचा कंद शरदांत जमिनींत लावतात. तीन-चार महिने कडक थंडी मिळाल्यावांचून त्यांतून फूल येत नाहीं. वसंतांत फूल येतें तेव्हां मूळचा कंद आपला सांठा खर्चून संपत आलेला असतो, आणि त्याच्या पोटीं नवे कंद वाढूं लागतात. फूल तसेंच ठेविलें तर झाड बीं धरण्याच्या खटपटीस लागतें व नव्या कंदाचा घांस बियांकडे जातो. गळालेल्या पाकळ्या पानांच्या बेचक्यांत अडकून कुजल्या तर बुरशी धरते ती वेगळीच. म्हणून फूल पुरतें उमललें, जात शुद्ध आहे अशी खात्री झाली, कीं तें खुडावयाचें, आणि पानें हिरवीं ठेवून जून-जुलैंत कंद काढावयाचे. शेतकऱ्याच्या दृष्टीनें फुलांचे ते दिवस म्हणजे तपासणीचे दिवस. जगाच्या दृष्टीनें तेवढेच दिवस पाहण्यासारखे! अलीकडे कांहीं वर्षें प्रेक्षकांचा उपद्रव इतका वाढला आहे, कीं पुष्कळ शेतांच्या कडेस आंत न येण्याविषयीं विनंतीच्या पाट्या व दोऱ्या लावाव्या लागल्या आहेत. आम्ही गेलों त्या कडेस पाटी नव्हती. परंतु चर हीच पाटी होती, ती आम्हांस वाचतां आली नाहीं.

ट्यूलिप हें मूळचें हॉलंडचें फूल नव्हे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. मध्य आशियांतील पर्वतांच्या उतरणीवर तें रानटी वाढतें. तुर्कांनीं त्यास बागेंत आणिलें, आणि सोळाव्या शतकांत तें युरोपांत गेलें. कारोलुस क्लुसियस नांवाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ सालीं लायडनच्या विद्यापीठांत आले, त्यांनीं तेथील बागेंत कंद लावले, आणि पुढील वसंतांत फुलें आलीं. तेथून चाळीस वर्षांच्या आंत त्या देशास ट्यूलिपचें वेड लागलें. पाकळ्यांवर ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या दुर्मिळ जातींच्या एकेका कंदाचा भाव अ‍ॅमस्टरडॅम शहरांतील चांगल्या घराच्या किंमतीइतका चढला. हिंवाळ्यांत कंद जमिनींत असतांनाच केवळ कागदावर त्यांची विक्री आणि पुनर्विक्री चाले. १६३७ च्या फेब्रुवारींत हार्लेम येथें एका लिलांवास गिऱ्हाईकच मिळेना, आणि सारा डोलारा कोसळला. यांतील मौज पुढेंच आहे. ज्या पट्ट्यांसाठीं लोकांनीं घरें गहाण टाकलीं, ते पट्टे एका रोगाचे होते. इंग्लंडांत डॉरोथी केली या विदुषींनीं १९२८ सालीं दाखवून दिलें कीं, हा रंगभेद संसर्गजन्य आहे. त्याचें कारण एक विषाणु असून तो मावा नांवाच्या किडीबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. मावा म्हणजे कोण, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. त्याची भेट या लेखांत आणखी एकदां व्हावयाची आहे.

दुसरी एक गोष्ट त्या वृद्धाकडून कळली नसती तर आम्हीं ती पुस्तकांतच वाचून सोडून दिली असती. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत, जर्मन अंमलाखालीं असतां, पश्चिम हॉलंडांत अन्नाची वाहतूक बंद पडली, आणि सुमारें वीस हजार माणसें भुकेनें व थंडीनें मेलीं. त्या वेळीं लोकांनीं ट्यूलिपचे कंद खाल्ले. मधला पिवळा गाभा बाधक म्हणून काढून टाकावयाचा व बाकीचा भाग शिजवावयाचा. "माझ्या आईनें तें सूप आम्हांस दिलें," इतकेंच तो बोलला, आणि पुनः सायकलीवर बसण्यापूर्वीं त्यानें टोपी नीट केली. आम्हांस १९७२ च्या दुष्काळाची व तांबड्या मिलो ज्वारीची आठवण झाली. तिच्याविषयीं आमच्या घरचीं वडील माणसेंही याहून अधिक बोलत नसत.

जातां जातां त्यानें विचारलें, "तुमच्याकडे फुलांचीं शेतें आहेत काय?" आम्हीं उत्तर दिलें कीं, आमचा जिल्हा कमी पावसाचा, तेथें फुलांचीं शेतें कोठून असणार! हें उत्तर खोटें होतें. परंतु तें खोटें आहे हें कळावयास आम्हांस तीन महिने लागले, आणि तें जपानांतून कळलें.

आमचा एक माजी विद्यार्थी तिकडे नोकरीस आहे. जुलै महिन्यांत त्याचें पत्र आलें व त्यांत एक छायाचित्र होतें. यामागाता नांवाच्या डोंगराळ प्रांतांतील तें चित्र. पिवळ्या-नारिंगी फुलांचें शेत, बांधावर छत्र्या घेतलेल्या स्त्रिया, शहरांतून आगगाडीनें आलेलीं कुटुंबें, मुलांच्या हातांत कॅमेरे. खालीं त्यानें लिहिलें होतें, "सर, पाहावयास आलों तर काय, ही आपली करडई!"

चित्र पुनः पाहिलें. खरोखर करडईच होती. तेंच कांटेरी पान, तेंच बोंड, तोच रंग.

यामागाता प्रांतांत करडईस 'बेनिबाना' म्हणतात, म्हणजे तांबडें फूल. १९८२ पासून तें त्या प्रांताचें अधिकृत फूल आहे. तेथें तिची पेरणी तेलासाठीं होत नसे, रंगासाठीं होई. तो रंग काढण्याची रीत मोठी नाजूक आहे, आणि आमच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. करडईच्या पाकळींत दोन रंग असतात, पिवळा पुष्कळ आणि तांबडा अगदीं अल्प, शंभरांत एक भागाहूनही कमी. पिवळा रंग साध्या पाण्यांत विरघळतो, तांबडा विरघळत नाहीं. म्हणून पाकळ्या आधीं पाण्यांत धुवून पिवळा रंग वाहूं द्यावयाचा. मग त्या ओल्याच सावलींत पसरून आंबवावयाच्या, कुटून त्यांच्या चकत्या थापावयाच्या व उन्हांत वाळवावयाच्या. या चकत्या मोगामी नदींतून होड्यांनीं साकाता बंदरास आणि तेथून गलबतांनीं क्योटोकडे जात. तेथील रंगारी त्या राखेच्या क्षारयुक्त पाण्यांत भिजवीत. क्षारांत तांबडा रंग सुटतो, आणि वरून आंबट फळाचा रस घातला कीं तो कापडावर बसतो. त्याच रंगाची ओठांस लावण्याची लाली होई. तिचा थर जाड दिला कीं ती तांबडी न दिसतां हिरव्या सोनेरी तेजानें चमकते. तिची किंमत सोन्याच्या भारोभार होती असें सांगतात. फुलें खुडणें मात्र पहाटे, दंव असेपर्यंत, कारण त्या वेळीं कांटे ओले व मऊ असतात. खुडणाऱ्या मुलींचीं बोटें तरीही रक्ताळत, आणि ती लाली त्यांच्या ओठांस कधीं लागत नसे. १९९१ सालीं इसाओ ताकाहाता यांनीं काढलेल्या एका चित्रपटांत, टोकियोंतील एक तरुणी सुट्टींत यामागातास जाऊन करडईचीं फुलें खुडते, हें दाखविलें आहे. त्या चित्रपटानंतर त्या शेतांची कीर्ति आणखी पसरली. मधल्या काळांत रासायनिक रंगांनीं हा धंदा बुडविला होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं तर ती लागवड जवळजवळ नाहींशी झाली होती. जपून राहिलेल्या बियांपासून लोकांनीं ती पुनः उभी केली.

आमच्या भाषेंतही 'कुसुंबी' हा रंगाचा शब्द आहे. कुसुंभ म्हणजे करडईच. आज तो शब्द राहिला आहे, रंग काढणारा हात राहिला नाहीं. इंग्लंडांत पर्किन यांनीं १८५६ सालीं पहिला कृत्रिम रंग काढला, तेव्हांपासून पन्नास वर्षांत जगांतील बहुतेक वनस्पतिज रंगांची जी गत झाली, तीच कुसुंब्याचीही झाली. मागें उरली ती तेलाची करडई.

त्या वर्षीं वेळ अमावस्येस आम्ही मुद्दाम तुळजापूर तालुक्यांतील एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानांत गेलों. परजिल्ह्यांतील वाचकांसाठीं सांगावयाचें तर, मार्गशीर्ष वद्य अमावस्येस धाराशिव व लातूर जिल्ह्यांतील गांवें व शहरें ओस पडतात. कचेऱ्यांस त्या दिवशीं सुट्टी असते. घरोघरचीं माणसें, पाहुण्यांसह, डोक्यावर व गाडींत शिदोरी घेऊन शेतांत जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यांत पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील यांची पंगत बसते. ओळखीचा असो वा नसो, वाटेनें जाणाऱ्यास हांक मारून बसवितात. हॉलंडांत लोक दुसऱ्याचीं शेतें पाहावयास जातात. येथें वर्षांतून एक दिवस सारा जिल्हा आपापलीं शेतें पाहावयास जातो, ही गोष्ट आम्हीं त्या म्हाताऱ्यास सांगावयास हवी होती.

ज्वारी कमरेच्या वर आली होती. हरभऱ्यास घाटे धरूं लागले होते. कडेस जवसाचे चार तास होते, त्यांचीं निळीं फुलें दुपारपर्यंत झडून जात. आणि बांधालगत, साऱ्या रानास वेढा घालून, करडई उभी होती. फुलें अद्याप यावयाचीं होतीं, बोंडें मात्र टणक धरलीं होतीं. यजमान हंसून म्हणाले, "गुरुजी, फुलं बघायची तर म्हैनाभरानं या. आज बोंडंच बघा." म्हणून आम्ही माघ महिन्यांत, वसंतपंचमीच्या सुमारास, पुनः गेलों. पंचांगांतील आपला वसंत तेव्हां आरंभ होतो. हॉलंडच्या वसंतास अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो.

करडईचें एक फूल म्हणून आपण जें म्हणतों, तें वस्तुतः वीसपासून शंभरपर्यंत बारीक फुलांचा झुबका असतो. सूर्यफूल, शेवंती व झेंडू यांच्याच कुळांतलें हें झाड. झुबका उमलतांना लिंबासारखा पिवळा असतो, मग नारिंगी होतो, आणि सुकत जातांना वीटकरी तांबडा. त्यामुळें एकाच झाडावर तिन्ही रंग एका वेळीं दिसतात. सकाळीं दहाच्या सुमारास मधमाशांचा असा गुंजारव चालतो, कीं जवळ उभें राहून बोलावयाचें तर आवाज चढवावा लागतो. ट्यूलिपचें शेत निःशब्द होतें, हें आमच्या तेव्हां ध्यानांत आलें.

पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर सरतां सरतां, करडई पेरतात. त्यानंतर तिला पाऊस मिळाला तर मिळाला. तिचें सोटमूळ काळ्या जमिनींत पांच-सात फूट, आणि जमीन खोल असेल तर त्याहूनही खालीं जातें, आणि वर भेगा पडल्या तरी खालची ओल शोधून काढतें. जेथें चरांतलें पाणी मोजून राखण्याची सोय नाहीं, तेथें शेतकऱ्यानें पाण्याची व्यवस्था जणुं झाडाच्या मुळांत केली आहे. कोंवळेपणीं विरळणी करून काढलेल्या रोपांची भाजी होते. करडईच्या त्या भाजीस जी चव असते ती पालकास येणार नाहीं, असें आमचें पक्षपाती मत आहे. पुढें पान कांटेरी होतें, आणि मग गुरें तिच्या वाटेस जात नाहींत. म्हणून ज्वारीभोंवतीं तिचें जिवंत कुंपण. बियांत वजनाच्या सुमारें तीस टक्के तेल असतें. घाण्यावर तेल काढल्यावर पेंड जनावरास. एका पिकानें भाजी, कुंपण, तेल आणि पेंड एवढें सारें द्यावें, आणि वर फुलेंही द्यावींत!

असें असतां करडई मागें कां पडली? यजमानांस आम्हीं हाच प्रश्न केला. त्यांनीं प्रथम उत्तरच दिलें नाहीं, आमचा हात धरून बोंडावर टेकविला. कांटा बोटांत गेला. "हे कारण," ते म्हणाले. काढणीस माणूस मिळत नाहीं. हातापायांस फडकीं गुंडाळून कापावी लागते, आणि ज्याला दुसरें काम मिळतें तो इकडे कशाला येईल? दुसरें कारण सोयाबीन. पावसाळ्यांत बहुतेक रान सोयाबीनखालीं जातें. तें निघेपर्यंत करडईच्या पेरणीची वेळ टळत आलेली असते. मग हरभरा पेरलेला बरा, तो यंत्रानें निघतो. तिसरें कारण मावा. दिवस ढगाळ गेले कीं तो कोंवळ्या शेंड्यांवर काळ्या भुकटीसारखा बसतो. शिवाय बाहेरून येणाऱ्या स्वस्त पाम तेलापुढें करडईच्या तेलास गिऱ्हाईक कोठलें? "आजाच्या टायमाला अर्धं रान करडई हुती. बाच्या टायमाला चौथाई. माझ्याकडं बांधाचं चार तास हायती. पोरगं म्हणतंय, पुढल्या साली तेबी नकोत."

आम्हीं वाचलेली विद्या पुढें केली. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बिनकांट्याच्या जाती काढल्या आहेत. परभणीच्या कृषि विद्यापीठानें 'परभणी कुसुम' नांवाचा वाण दिला आहे. वाळलेल्या पाकळ्यांस काढ्यासाठीं व खाण्याच्या रंगासाठीं मागणी आहे. आणि ट्यूलिपसारखें येथें फूल अकालीं खुडावें लागत नाहीं. बीं धरल्यावर, पाकळी सुकत आली असतां काढली, तर दाण्याचें उत्पन्न घटत नाहीं. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें. शेवटीं म्हणाले, "बिनकाट्याची चांगली हाय. पण मग बांधावर कशाला लावू? कुंपण कोण करल?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बिनकांट्याची करडई सबंध रानांत पेरावी, आणि कांटेरी बांधावर ठेवावी, असें एक उत्तर मागाहून सुचलें. पण त्यास आधीं सबंध रान मोकळें पाहिजे, आणि तें सोयाबीनानें धरलेलें आहे.

या पिकाची यात्रा भरवावी असें आमचें म्हणणें नाहीं. साताऱ्याजवळील कास पठारावर भाद्रपदांत फुलें येतात, तेथें गर्दी इतकी वाढली कीं पाहणाऱ्यांच्या संख्येस मर्यादा घालावी लागली. चार तासांच्या करडईवर तशी गर्दी लोटली तर तासच उरणार नाहींत. परंतु आमच्या शाळेंतील मुलांपैकीं पुष्कळांच्या घरच्या रानांत आजही एखादा तास असेल. त्यांनीं पौष-माघांत सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं जावें, बांधावरून पाहावें, पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत रंग बदलावयास किती दिवस लागतात हें एकाच बोंडास दोरा बांधून मोजावें. मूठभर सुकलेल्या पाकळ्या मिळाल्या तर पिवळा रंग धुवून टाकून, धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यांत त्या भिजवाव्या, लिंबाचा रस घालावा, आणि पांढऱ्या सुती चिंधीवर काय चढतें तें प्रयोगशाळेंत आम्हांस आणून दाखवावें. आम्हीं स्वतः हा प्रयोग केला. पहिल्या वेळीं चिंधी मळकट पिवळी झाली, कारण धुण्याची घाई केली. दुसऱ्या वेळीं फिकी गुलाबी झाली. ती आमच्या टेबलाच्या खणांत आहे.

जपानांतील विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व कळविलें, आणि चार तासांचें छायाचित्र पाठविलें. त्याचें उत्तर आलें कीं, तिकडील ज्या शेतकऱ्याच्या रानांत तो गेला होता, त्यास तें दाखविलें असतां त्यानें विचारलें, हें शेताच्या कडेला कां लाविलें आहे? ढोरांसाठीं, असें सांगितल्यावर तो बराच वेळ हंसत होता. त्याच्या गांवांत ढोरें मोकळीं फिरत नाहींत.

निघतांना यजमान बांधापर्यंत आले. काढणी कधीं, असें आम्हीं विचारलें. "होळीच्या आधी. बोंडं वाळली की," ते म्हणाले. "पण गुरुजी, यायचं तर तांबडं फुटायच्या आधी या. दंव हाय तवर काटा नरम असतो. उन्हं वर आली की मग हात लावू देत न्हाई ती. आन् पोरं आणणार असाल तर समद्यांना हाताला गुंडाळायला जुनं धोतर घेऊन यायला सांगा."